झरीची मुक्कामी गाडी, १९८५
भुजंग झरीच्या मुक्कामी गाडीवर कंडक्टर होता. पहाटेच्या फेरीला उशीर नको म्हणून तो उठताच दात न घासता तंबाखू तोंडात टाकी अन् घंटी ओढी. शेवटी दाढ इतकी ठणकली की परभणीत काढावीच लागली. डॉक्टर म्हणाले, "बाकीच्या सांभाळा. सकाळी आणि झोपताना घासायला दोन मिनिटं पुरतात." रजेनंतरच्या पहिल्याच पहाटे तो ब्रश घेऊन हापशावर उभा राहिला. गाडी भरलेली होती. "कंडक्टर दात घासायलाय, आमाला बाजार गाठायचाय," एकजण कुरकुरला. ओशाळून भुजंग घाईघाईनं उरकू लागला. खिडकीतून भाजीवाल्या नर्मदाबाई म्हणाल्या, "घास बाबा निवांत. तिकीट द्यायला तू वाकला की आमाला नाक धरावं लागतंय." सगळी गाडी हसली. भुजंगही फेसाळ तोंडानं हसला अन् मागच्या दाढांकडं वळला. ड्रायव्हर आश्रुबानं इंजिन बंद केलं अन् उतरून दातणाला लिंबाची काडी मोडली.