शेवटचं पेर

"काकू, नुसतं नख निघत नाही. बोटाचं शेवटचं पेरच कापावं लागतं. मी ते करत नाही." प्राण्यांच्या डॉक्टरांनी मांजरीला परत टोपलीत ठेवलं.

"माझं बोट थोडंच कापताय," काकू म्हणाल्या. नव्या सोफ्याची दोरे लोंबणारी पाठ त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. त्यांनी दुसऱ्या शहरातला डॉक्टर गाठला.

मांजर घरी आली ती मुकाट. पंजा टेकला की दचकायची आणि मग बराच वेळ काकूंच्या हातांकडे बघत बसायची.

आठव्या दिवशी सकाळी काकू जपाला बसल्या. चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, एकेका पेरावर अंगठा टेकवून एक नाम, अशी बारा व्हायची. आज आठच झाली. पुन्हा मोजली, तरी आठच. डोळे उघडले तर बोटं अख्खी होती. डोळे मिटले की अंगठा दुसऱ्या पेरापुढे हवेत जात होता.

तेवढ्यात मांजर मांडीवर चढली. आज ती दचकली नाही. तिने पंजा टेकला आणि साडीवरून काकूंना चार नखं जाणवली.

बोथट होती. काकूंनी कालच स्वतःच्या बोटांची कापलेली, तीच.