सरस्वतीच्या दिवशी पुसलेली पानं

इडा बागुस मंतारांनी नैवेद्याची परडी कॉम्प्युटरवर ठेवली, उदबत्ती लावली आणि नातीला सहज विचारलं, "ती पानं पुसायची राहिलीत ना गं अजून?"

"सकाळीच पुसली, आजोबा," पद्मी म्हणाली. "कॉम्प्युटरमधली कचऱ्याची पेटीसुद्धा रिकामी केली. उद्या वाडीच्या सभागृहातली माणसं कॉम्प्युटर न्यायला येणार, ऐन वेळी धावपळ नको."

आजोबांचा हात होता तिथेच थांबला. "आज?"

तेव्हा कुठे पद्मीच्या डोक्यात प्रकाश पडला. आज सरस्वतीचा दिवस. आख्ख्या बालीत आज कुणी पोथी उघडत नाही, काही लिहीत नाही, आणि लिहिलेलं खोडणं तर महापाप. शाळेत असताना या दिवशी तिनं खोडरबरालाही हात लावला नव्हता. पण कॉम्प्युटरही त्यात येतो, हे तिच्या गावीच नव्हतं. परडी मात्र दर सरस्वतीला त्याच्यावर असायची!

आणि पुसलं होतं ते काय, तर आजोबांच्या गुरूंची औषधांची ताडपत्रं. मूळ पानं किडीनं खाल्ली, गेल्या वर्षी त्यांना विधिपूर्वक अग्नी दिला. उरले ते पद्मीनं काढलेले फोटो. दीक्षा घेतल्याशिवाय कुणी ती वाचू नयेत, असा आजोबांनी गुरूंना शब्द दिला होता. दीक्षा घ्यायला घरातलं कुणी पुढे आलं नव्हतं, आणि कॉम्प्युटरवर तर उद्यापासून वाडीतली पोरं गेम खेळणार. म्हणून पुसायचं ठरलं. पद्मीच्या ते जिवावर आलं होतं, पण आजोबांपुढे बोलणार कोण?

आजोबा म्हणाले, "गुरूंची विद्या गेली, ती आजच्या दिवशी, माझ्या घरात."

"थांबा हो. पानं गेली नसतील."

"रिकामं केलंस म्हणालीस ना?"

"पुसलं की दारावरच्या पाट्या निघतात फक्त. माणसं घरातच असतात."

हरवलेले फोटो शोधणारा प्रोग्रॅम तिनं सुरू केला. पडदा बराच वेळ कोरा राहिला. मग एक पान आलं. तपकिरी, मधोमध दोरीचं भोक, काळी बारीक अक्षरं. मग दुसरं. मग भराभर येतच राहिली. असंच होणार हे पद्मीला ठाऊक होतं, तरी तिच्या अंगावर काटा आला.

आजोबांनी एकदाच पाहिलं आणि डोळे मिटून हात जोडले. आज वाचायचंही नसतं.

"सगळी आली?"

"सगळी. हललेली म्हणून मी फोटो काढतानाच टाकून दिलेलीसुद्धा. एकावर तुमचा अंगठा आलाय."

"मग खरोखर घालवायची तर काय करायचं?"

"त्यांच्या जागेवर दुसरं काहीतरी लिहायचं. काठोकाठ. मग नाही सापडत कुणाला."

"पुसायलासुद्धा लिहावंच लागतं?"

"हो."

उदबत्ती संपत आली. आजोबांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही. "जन्मभर सरस्वतीची पूजा केली," ते म्हणाले, "आणि ही केवढी आहे ते मला आज कळतंय."

"उद्या पुसते मी," पद्मी म्हणाली. "पहाटे समुद्रावर अंघोळ करून आले की लगेच. या वेळी कायमची."

"समुद्रावर माझ्याबरोबर चल. पांढरं नेसून. आणि त्या सभागृहवाल्यांना सांग, दुसरा कॉम्प्युटर बघा म्हणावं."

"म्हणजे?"

"दीक्षा देतो तुला."

"मला?"

"तुझ्याच हातून परत आली ना ती विद्या? मग उद्या दीक्षा झाली की पहिलं पान उघड आणि मोठ्यानं वाच. मला हल्ली बारीक दिसत नाही."