व्हिएन्नाचा फोन

वरच्या मजल्यावर क्षितिजाच्या शिकवणीतल्या पोरी सूर लावायला लागल्या, की केसरीनाथ गोदामातून बाहेर पडून रस्त्यावर जाऊन उभा राहायचा. भिवंडीजवळच्या वळ गावातल्या लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला लेकीचं ते परदेशी गाणं सोसत नाही. त्याला सोसत नव्हतं ते वेगळंच होतं.

दोन हजार एक साली क्षितिजा मुंबईला एका पारशी बाईंकडे ऑपेरा शिकत होती. आवाज उंच पट्टीतला, सोप्रानोचा. घरात कोणाला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती गायला लागली की तिची आई कमळा हातातलं काम ठेवून ऐकायची. त्या वर्षी व्हिएन्नाच्या एका संगीतशाळेचे लोक मुंबईत येऊन परीक्षा घेऊन गेले. पास होईल ती मुलगी तिकडे शिकायला जाणार होती.

मग एका दुपारी फोन वाजला. घरात केसरीनाथ एकटाच होता. पलीकडून जाड आवाजाची कोणी बाई हिंदीत बोलत होती. क्षितिजाची निवड झाली आहे, घरच्यांची हरकत नसेल तर पुढचं ठरवू, असं ती म्हणाली.

एकुलती एक पोर, तीही सातासमुद्रापार.

"लडकी नहीं आयेगी," तो म्हणाला. "उसकी शादी पक्की हो गयी है."

लग्न कुठेच ठरलं नव्हतं. पलीकडून फोन बंद झाला.

संध्याकाळी क्षितिजा घरी आली, हातपाय धुऊन जेवायला बसली. कोणाचा फोन आला होता का, असं तिनं सहज विचारलं. न्हाय, तो म्हणाला.

तिनं पुन्हा व्हिएन्नाचं नाव काढलं नाही. भिवंडीत गाणं शिकवायला लागली. मुंबईच्या ऑपेरात आधी कोरसच्या मागच्या ओळीत उभी राहिली, मग मोलकरणीच्या, दासीच्या दोन-चार ओळींच्या भूमिका मिळाल्या. केसरीनाथनं गोदामावर तिच्यासाठी खोली बांधली, मुंबईहून जुना पियानो आणवला. लग्नाचा विषय तर कधी काढलाच नाही. बाप असावा तर असा, असं लोक म्हणत, तेव्हा तो मान खाली घालून तिथून निघून जाई.

गणेशपुरीकडच्या पाड्यावरची सोमी क्षितिजाकडे शिकायला यायची. मुंबईच्या पारशी बाईंनी सोमीला पुढं शिकायला बोलावलं, पण तिचा बाप बुधा तिला पाठवायला तयार होईना. केसरीनाथ आपण होऊन पाड्यावर गेला. "पोरीला आडवू नको," एवढंच म्हणाला. बुधानं ऐकलं. परत येताना केसरीनाथला गाडीत रडू फुटलं.

त्या फोननंतर आठ वर्षांनी क्षितिजाला मुंबईत मुख्य भूमिका मिळाली. रविवारी सकाळचा खेळ होता. शेवटी सगळं थिएटर उठून टाळ्या वाजवत होतं आणि केसरीनाथ खुर्चीत तसाच बसून होता. हे सगळं तिला आठ वर्षं आधीच मिळालं असतं, तेही थेट व्हिएन्नात. आपण ते एका वाक्यात खाऊन टाकलं.

घरी येताना गाडी क्षितिजाच चालवत होती. कशेळीच्या पुलावर ट्रक अडकले होते. आता नाही बोललो तर कधीच नाही, असं त्याला वाटलं.

"क्षिती, तुला व्हिएन्नावरून फोन आलता," तो म्हणाला. "तू पास झालती. मीच न्हाय म्हनून सांगितलं."

तिनं गाडी बंद केली.

"मी नापास झाले होते, बाबा," ती म्हणाली. "निकाल त्या दिवशी सकाळीच कळला होता. आवाज बदलून पीसीओवरून तो फोन मीच केला. पास झाले असते, तर तुम्ही मला जा म्हणाला असता का, तेवढंच ऐकायचं होतं."