बेंबीखालचं मूठभर

वर्षभर अर्धपोटी राहून माझे गाल बसले, हातांच्या काड्या झाल्या. बेंबीखालचं मूठभर पोट मात्र तसंच राहिलं.

शनिवारी दुपारी नेहमीसारखी हेल्काताईबरोबर सौनात, वाफेच्या लाकडी खोलीत, उघडी बसले होते. ताईने तापल्या दगडांवर पाणी ओतलं. वाफेत ती घामाने निथळत होती. मला घाम होता तो फक्त त्या मूठभर पोटावर.

“काडीला गाठोडं लटकलंय गं,” म्हणत तिने तिथे चिमटा काढला. मग तिचं हसू गेलं. तिने माझा दंड चाचपला, मग मान, कपाळ.

“तैमी, तेवढंच गरम लागतंय. बाकी सगळी बर्फ झालीयस तू.”

ती वाकली, पोटाशी तोंड नेऊन रडवेली म्हणाली, “तैमी, आहेस ना गं?”

मी तोंड उघडायच्या आत खालून, त्या मूठभर पोटातून, ओ आली.