जास्वंदीच्या आत

"गुडघ्याएवढी ठेव अन् बाकी सगळं उडव," ताराने नत्थू माळ्याला बजावलं आणि पदर खोचून ती मागच्या पायरीवर उभी राहिली. क्वार्टरच्या मागच्या तारेच्या कुंपणाला लागून जास्वंदीची पाच झाडं अशी माजली होती, की कुठलं कुठे संपतं ते कळायला मार्ग नव्हता. पानांवर स्टील प्लँटची लाल धूळ. आणि फूल म्हणाल, तर दोन वर्षांत तिला एक दिसलं असेल तर शपथ. नुसता पाला पोसायचा कशाला? जुनं लाकूड काढलं की नवे फुटवे येतात, मग फुलंच फुलं, असं नत्थूनेही सांगितलं होतं.

सकाळीच घर मोकळं झालं होतं. नवरा श्यामराव ड्यूटीवर, मुलगी शाळेत. सासरे देवराव रोजच्यासारखे, "देवळात जाऊन येतो, सूनबाई," म्हणून छत्री घेऊन निघाले होते. म्हातारा एवढा भाविक आहे, हे तो गाव सोडून भिलाईला येईपर्यंत कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. सकाळी चहा पिऊन जायचा, तो जेवायलाच उगवायचा. देवळातल्या खारींसाठी म्हणून मूठभर शेंगा मागून न्यायचा आणि येताना न चुकता एक फूल आणायचा, "परसाद" म्हणून. तारा ते न बघता देवापुढे ठेवून द्यायची. दोन खोल्यांच्या घरात एक माणूस सकाळभर बाहेर असतो, हाच तिला मोठा प्रसाद वाटायचा.

तिसऱ्या झाडापाशी नत्थूची कैची थांबली.

"बाई, इहां तो कोनो बइठथे."

कुणीतरी बसतं? चोरच असणार, दुसरं कोण! ती खराटा उचलून धावली.

झाडांच्या मधोमध माणूस बसेल एवढी जागा होती. मागच्या गल्लीकडची तार तिथे वाकवलेली. दोन विटा, विटांवर घडी घातलेलं पोतं. भोवती शेंगांची टरफलं. आणि पोत्याच्या घडीत पितळेची चुन्याची डबी. डबीचं झाकण सैल झालं म्हणून त्याला लाल दोरा बांधलेला होता. सासऱ्यांच्या डबीचा तो दोरा ताराने स्वतःच्या हाताने बांधला होता.

तिने खराटा बाजूला ठेवला.

डोक्यावर, पानांच्या आत, दोन फुलं होती. गर्द लाल, दुहेरी पाकळीची. कालचं तसलंच फूल देवापुढे अजून सुकत पडलं होतं. म्हणजे झाड फुलत होतं. रोज फुलत होतं, आणि रोज ते फूल तिच्याच हातात येत होतं. देऊळ तीन सेक्टर पलीकडे. हा माणूस असल्या दुखऱ्या गुडघ्यांनी तिथे कसा जात असेल, असा प्रश्न दोन वर्षांत तिला एकदाही पडला नव्हता.

ती त्या विटांवर बसली. समोर, पानांच्या फटीतून, तिच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती. स्टोव्हची फरफर कानाशी ऐकू येत होती. शेजारच्या खिडकीतून नलूने हाक मारली, "तारा, काय करून राहिली वं?" ती हाक अशी स्वच्छ आली, की तारा दचकली.

परवा याच दोन खिडक्यांमधून ती नलूला म्हणाली होती, "म्हातारा एकदाचा गावी गेला, म्हणजे पोरीले अभ्यासाले जागा तरी होते. कामाचा ना धामाचा, नुसता खाऊन राहिला."

आणि काल जेवताना देवराव मुलाला म्हणाले होते, "श्याम, रविवारच्या गाडीचं तिकीट काढून दे मले. गावाकडंच करमते." गावातल्या घराला दोन वर्षं कुलूप होतं. तिथे करमायला होतं कोण? पण ताराने विचारलं नव्हतं. खरं तर तिला बरंच वाटलं होतं. आता परवाचं आठवलं, मग त्याआधीचं, मग त्याच्याही आधीचं. काय काय बोलले असेन मी? लाजेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नत्थू, थांब! राहू दे!" ती ओरडली. पण ती विचारात असतानाच त्याची कैची पुन्हा चालू झाली होती, आणि डोक्यावरची शेवटची फांदी तेवढ्यात खाली आली. आडोसा म्हणून काही उरलं नाही. ऊन सरळ तिच्या अंगावर आलं.

बाराच्या आतच मागचं फाटक वाजलं. देवराव आले. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने लाल झालेलं, चेहरा उन्हाने काळवंडलेला. माळी आलेला बघून सकाळभर ते कुठे कुठे भटकले, कोण जाणे. फाटकाशीच ते थांबले. छाटलेली खोडं बघितली, फांद्यांचा ढीग बघितला, आणि आपल्या विटांवर बसलेली सून बघितली.

"मामाजी," तारा पुटपुटली. "इथून सगळं ऐकू येते?" तिचा आवाज तिला स्वतःलाच जेमतेम ऐकू आला.

"मले कुठं ऐकू येते आता," देवराव फाटकातूनच म्हणाले.

मग पुढे येऊन छत्रीच्या मुठीने त्यांनी ढिगातली एक फांदी जवळ ओढली. तिचं फूल खुडलं, फुंकर मारून धूळ उडवली, आणि रोजच्यासारखं ते ताराच्या पुढे धरलं.

"घे बाई, परसाद. आज देऊळ लवकर बंद झालं."