पेटंटातलं पाणी

तिसरी फिल्मही फाटली.

योगीराज सर ती काचेवरून सोलायला गेले आणि दुधाच्या सायीसारखी त्यांच्या बोटाला चिकटून लोंबली. पुण्याहून आलेल्या मंजुषा मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांची कंपनी बॅटऱ्या बनवते. बॅटरीच्या आत दोन बाजूंच्या मधे जो पातळ पडदा लागतो, तो परभणीच्या एका कॉलेजात कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांपासून केलाय, त्याचं पेटंटही मिळालंय, एवढं वाचून त्या आल्या होत्या. वाचलेलं डोळ्यांनी बघायला.

"हवा दमट आहे जरा," सर म्हणाले.

बाहेर मे महिना होता. खिडकीचे गज हात लावू देत नव्हते.

मग राजेश्रीला बोलावणं गेलं. सकाळपासून ती शेजारच्या खोलीत बसून होती. आज पुढं येऊ नकोस, असं सरांनीच सांगितलं होतं. चार वर्षं पिंगळीहून रोज येऊन जिनं ही फिल्म केली, तिनं पुढं यायचं नव्हतं.

ती आली. समोरच्या भिंतीवर कालच ठोकलेल्या खिळ्याला पेटंटची फ्रेम होती. तीन नावं. सरांचं, प्राचार्यांचं आणि लीला मॅडमचं. लीला मॅडम सरांच्या घरच्या. कॉलेजात इतिहास शिकवतात. राजेश्रीनं ती नावं कालपासून इतक्यांदा वाचली होती, की आता तिकडं बघितलं नाही तरी दिसत होती.

तिनं फाटका तुकडा उचलून ताणला. जीवच नव्हता त्यात. तिच्या फिल्मला मुंजामामांनी, म्हणजे लॅबच्या शिपायांनी, एकदा जेवणाचा भरलेला डबा टांगून दाखवला होता. हिला रिकामी वाटीसुद्धा पेलवली नसती.

"काय चुकायलंय, बघ बरं," सर म्हणाले. चार वर्षांत इतका मऊ आवाज तिनं ऐकला नव्हता.

टेबलावर डिस्टिल्ड वॉटरचे पाच कॅन होते. बॅटरीच्या दुकानातून मुद्दाम आणलेले, पाहुण्यांसाठी. चार उघडलेले. राजेश्रीची नजर तिथं गेली आणि थांबली.

लॅबचा पाणी शुद्ध करायचा प्लांट ती यायच्या आधीपासून बंद. सगळं कॉलेज वहीत 'डिस्टिल्ड वॉटर' लिहितं आणि बीकरमधे मागच्या बोअरचं पाणी ओततं. परीक्षक येतात, तेही सही करून जातात. राजेश्रीनं एकटीनं वहीत खरं लिहिलं होतं, 'मागच्या बोअरचं पाणी'. सरांनी त्यावर लाल रेघ मारली होती. वर लिहिलं होतं, 'डिस्टिल्ड वॉटर'. "पेटंट ऑफिसात जायचंय हे. बोअर काय लिहितेस अडाण्यासारखं?"

त्या वहीवरूनच पेटंट लिहिलं गेलं.

बोअरचं पाणी जड. भांड्याला पांढरं धरतं. त्यातला तो चुनाच फिल्मचे धागे एकमेकांना बांधून ठेवत होता. हे तिलाही आत्ता कळलं. तो मेलेला तुकडा हातात घेतल्यावर.

सांगितलं, तर उद्या सकाळी फिल्म उभी राहील, आणि जाईल त्या तीन नावांनी. नाही सांगितलं, तर आपली चार वर्षं ह्या चिंधीबरोबर कचऱ्यात.

"नेहमी ही फिल्म कोण करतं?" मंजुषा मॅडमनी विचारलं.

"आमची विद्यार्थिनी. मदतीला असते."

"हो," राजेश्री म्हणाली, "मी मदतीला. शोध सरांनी लावलाय."

मॅडमनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "मी उद्यापर्यंत थांबू शकते. पण उद्या मला चांगली फिल्म बघायचीय."

सरांनी राजेश्रीला खिडकीपाशी नेलं. "कामून असं करायलीस? पुढच्या पेटंटात पहिलं नाव तुझं."

"आन् ह्याच्यात?"

"ह्याच्यात आता कसं जमंल? लीलाचं नाव खोडू का?"

"खोडू नका. त्यांलाच विचारा की काय चुकायलंय ते. त्यांचाबी शोध हाय."

सरांनी टेबलाशी जाऊन पेटंटची फाइल उघडली आणि ते एकेक ओळ बोटानं वाचायला लागले. "सगळं लिहिल्याप्रमाणंच तर केलंय," ते मॅडमला म्हणाले. "एक शब्द इकडचा तिकडं नाही."

तेवढ्यात मुंजामामा बोअरवरून भरलेली बादली घेऊन आत आले. बादलीच्या काठाला आतून पांढरा थर धरलेला. त्यांनी कॅन बघितले, काचेवरची चिंधी बघितली. मग सवयीनं बादली राजेश्रीच्या पायापाशी ठेवली.

"ताई, तुमचं पाणी आणलंय. घ्या, करा लवकर. पाव्हणी बसलीय."

सर बोटाखालची ओळ सोडायला तयार नव्हते. त्यांनी मान वर केली नाही.

राजेश्रीनं बादलीत बघितलं. पाणी अजून हलत होतं.

"मामा," ती म्हणाली, "ते दारातल्या कुंड्यांला घाला."

"समदं?"

"समदं."

मामा बादलीचा कान धरून तसेच उभे राहिले. पाठीमागं सरांनी पाचव्या कॅनचं सील तोडलं.