चामड्याची सीट

"ही त्यायची सायकल नाही होय," चंद्रकला म्हणाली. "त्यायच्या सायकलले चामड्याची सीट हाय. हिची पाहा, रेक्झिनची."

मासे धरणाऱ्या ढिवरांनी वैनगंगेच्या घाटावरून उचलून आणलेली, चिखलाने माखलेली ती सायकल तुलाराम मिस्त्रीने आपल्या दुकानासमोर उलटी उभी केली. चंद्रकलेचा नवरा बाबुलाल परवा सकाळी सायकल काढून गिरणीत कामाला निघाला, तो पोचलाच नाही. घाटावर सायकल दिसल्यापासून त्याच्या शोधात नदीत ढिवरांचे डोंगे फिरत होते.

मागे बायका जमल्या होत्या. चंद्रकलेची जाऊ सुंदरबाई सगळ्यांत पुढे, तिच्या हातात दगड. अजून प्रेत सापडलं नव्हतं, पण बांगड्या फोडायची तयारी झाली होती. लोकांना रडायचीही घाई असते.

फ्रेम काळी, पवनी गावातल्या दर दुसऱ्या सायकलसारखी. नंबर गंजात बुजलेला. ओळखायची जागा एकच होती, डाव्या पायडलचा दांडा आसाला पक्का धरणारी कॉटर पिन. बाबुलालच्या जुन्या विलायती सायकलच्या मापाची पिन बाजारात मिळेना, म्हणून दिवाळीत तुलारामने एक पिन कानशीने घासून बसवून दिली होती. घाईत पिनेचा उतार जास्तच घासला गेला. तेव्हापासून बाबुलालची पायडलं एका रेषेत फिरत नसत आणि तो गावभर तुलारामच्या नावाने बोंब मारत असे.

तुलारामने पिनेवर हातोडी घातली. एकेका ठोक्याला बायका जवळ सरकत होत्या. पिन निसटून तळहातावर पडली. त्याने ती पँटला पुसली. स्वतःच्या कानशीचे ओरखडे त्याला लगेच ओळखू आले. वाटलं, चिखलात पाडून टाकावी आणि पटत नाही ओळख म्हणावं. पण चंद्रकला त्याच्या हाताकडे नव्हे, तोंडाकडे बघत होती.

"वहिनी, पिन माहीच हाय."

सुंदरबाईने हंबरडा फोडला आणि चंद्रकलेचं मनगट धरून तिला खाली बसवलं. दगडाच्या पहिल्याच घावात एक बांगडी फुटली. चंद्रकलेने हात हिसडून घेतला.

"थांबा जी! मंग सीट?"

तिने सायकल एकटीनेच सरळ केली. सीटवरचा चिखल पदराने पुसला. खालून पोपटी ठिगळ निघालं. तिच्याच चोळीचं कापड, तिचाच पांढरा टाका. चामड्याची सीट आली तेव्हापासून ही फाटकी सीट त्यांच्या घरापुढच्या सपरीत खुंटीला टांगलेली होती.

तुलारामने वाकून सीटखालचे नट चाचपले. दोन्ही बाजूंनी सारखे आवळलेले, सावकाश, पान्याने. चामड्याची ती सीट म्हणजे बाबुलालचा जीव की प्राण. पावसात स्वतः भिजायचा, पण डोक्याची टोपी तिला घालायचा.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "नदीत उडी घालणारा मानूस चांगली सीट काढून, घरची फाटकी बसवून जात नाही."

सुंदरबाईचा दगड धरलेला हात तसाच वर राहिला. रडावं की थांबावं, तिला कळेना.

"मंग गेला कोठी?" मागून कुणीतरी विचारलं.

नवरा जिवंत आहे म्हणून चंद्रकलेला आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाचाच राग आला. उरलेल्या बांगड्या तिने कोपराकडे सारल्या.

"तुलारामभाऊ, आता नवी पिन नीट घासा. पायडलं एका रेषेत फिरले पायजे."

"अन् सीट?"

तिने सायकलच्या दांडीवर हात ठेवला आणि उभी राहून अंदाज घेतला.

"खाली करा जी. माह्या मापाची."